जिभेची चूक आणि लेखणीची चूक

माझ्या गावाचं नाव सोलापूर आहे. समईतला स, शेतातला श नव्हे. फोनवर पत्ता सांगताना हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की आता ते पत्त्याचाच भाग झालंय. तरी पार्सल येतं तेव्हा त्यावर 'शोलापूर' असतं, हिंदी बातम्यांत 'शोलापुर' असतं, आणि मुंबईत भेटलेला एखादा शिकलासवरलेला माणूस आपुलकीनं म्हणतो, "अरे वा, तांबडा-पांढरा रस्सा!" तो रस्सा कोल्हापूरचा. आमच्याकडं शेंगाचटणी आणि कडक भाकरी. दोन्ही गावांत दोनशेहून जास्त किलोमीटरचं अंतर, मधे अख्खा सांगली जिल्हा, पाणी वेगळं, माती वेगळी, बोलण्याचा हेल वेगळा. तिकडं चप्पल, इकडं चादर. पण शेवटी 'पूर' येतं, एवढ्यावर बाहेरच्यांचं काम भागतं.

याचा राग यावा का, आणि आला तर तो कुणावर काढावा, हा प्रश्न माझ्या मनात बरीच वर्षं आहे. साखर पेठेत आमचा छोटा छापखाना आहे. वडिलांच्या काळात खिळे जुळवायचे, आता संगणक आहे; पण काम तेच. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, मंडळांची पावतीपुस्तकं. म्हणजे दिवसभर माणसांची नावं छापणं. त्यामुळं नावाच्या चुकीकडं मी रागाच्या बाजूनं कमी आणि कामाच्या बाजूनं जास्त बघतो. आणि मला जे दिसतं ते असं : जिभेकडून होणारी चूक आणि लेखणीकडून होणारी चूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला माफी आहे. दुसरीला नसावी.

आधी एक कबूल करायला हवं. आमच्या गावाचं नाव काही आकाशातून जसंच्या तसं पडलेलं नाही. सोळा गावं मिळून सोलापूर, ही व्युत्पत्ती आम्ही लहानपणी ऐकली. पण बाराव्या शतकातल्या, कलचुरींच्या काळातल्या लेखांत हे गाव सोन्नलगे किंवा सोन्नलगी आहे. मोहोळ तालुक्यातल्या कामतीला शके १२३८ चा संस्कृत शिलालेख सापडला, त्यात सोनलीपूर आहे. आमच्या किल्ल्यातल्या एका लेखात सोनलपूर, किल्ल्यातल्याच विहिरीवरच्या लेखात संदलपूर. मधला 'न' झिजत झिजत गेला आणि सोलापूर राहिलं. या सगळ्यात मला सर्वांत जवळची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. आमचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर, ज्यांचं देऊळ तळ्याच्या मधोमध बेटासारखं उभं आहे, त्यांना कन्नडमध्ये आजही 'सोन्नलिगेचे सिद्धराम' म्हणतात. आम्ही स्वतः विसरलेलं आमच्या गावाचं नाव शेजारच्या भाषेनं एका संताच्या नावाला बांधून आठशे वर्षं जपून ठेवलं.

तर नाव बदलतं. पण सोन्नलगीपासून सोलापूरपर्यंतचे बदल इथं राहणाऱ्या, इथल्या विहिरींचं पाणी भरणाऱ्या माणसांच्या तोंडात झाले. 'शोलापूर'चं तसं नाही. ते रूढ केलं इंग्रजी कारभाराच्या कागदांनी. मे १९३० मध्ये सोलापूरकरांनी तीन-चार दिवस इंग्रजांचा अंमल झुगारून दिला आणि त्यावर मार्शल लॉ लागला, तेव्हा जगभर बातमी गेली ती 'शोलापूर'ची. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याच्या तुरुंगात फाशी गेलेले आमचे चार हुतात्मे, मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा, हेही सरकारी कागदात 'शोलापूर'चेच आरोपी. त्या चार नावांकडं नीट बघा. एका गावातली चार माणसं, आणि नावांतून किती घरं, किती भाषा उघडतात. हे गाव एका साच्यात कधी बसलंच नाही. म्हणून तर त्याचं नाव नीट घेणं महत्त्वाचं.

स्वातंत्र्यानंतर सरकारी स्पेलिंग दुरुस्त झालं. जिथं जुनं नाव इतिहासाचा भाग आहे तिथं त्याला हात लावावा असंही मी म्हणत नाही. आमची जुनी गिरणी १९४९ मध्ये बंद पडली, केंद्र सरकारनं १९५० मध्ये खास तिच्यासाठी कायदा केला, आणि एकाच कंपनीपुरता कायदा करता येतो का, यावरचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. समानतेच्या हक्काचा तो सुरुवातीचा मोठा निकाल. देशभर कायद्याचे विद्यार्थी तो 'शोलापूर गिरणीचा खटला' म्हणूनच शिकतात. कंपनीचं नावच तसं होतं, तेव्हा ते तसंच राहावं. माझी तक्रार आजच्या तारखेला नव्यानं लिहिणाऱ्यांबद्दल आहे.

या तक्रारीचा खरा कस लागला तो सोलापुरात नाही, घारापुरीत.

काही वर्षांपूर्वी घरच्यांना घेऊन मुंबईला गेलो होतो. त्याच सकाळी एका दुकानदाराला मी 'शोलापूर नाही हो, सोलापूर' असं बजावून आलो होतो. दुपारी गेटवेवरून बोटीनं बेटावर पोचलो. पायऱ्यांवर काकडी आणि कैरीच्या फोडी विकणाऱ्या बाईंना मी सहज विचारलं, "ताई, तुम्ही एलिफंटातच राहता का?" त्या मीठ-तिखट लावता लावता म्हणाल्या, "घारापुरी म्हणा, दादा. एलिफंटा ते बोटीवर लिहिलेलं असतं." आवाजात राग नव्हता. पण हे वाक्य त्या दिवसातून किती वेळा म्हणत असतील ते मला त्या क्षणी कळलं, कारण माझ्याकडंही 'समईतला स' आहे. मला लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

पोर्तुगीज आले, त्यांना धक्क्याजवळ दगडाचा मोठा हत्ती दिसला, आणि त्यांनी बेटाला हत्तीचं नाव दिलं. तो हत्तीसुद्धा आता बेटावर नाही. इंग्रजांच्या काळात हलवताना तुटला, आणि तुकडे जोडून उभा केलेला आज मुंबईत जिजामाता उद्यानाच्या आवारात, वस्तुसंग्रहालयाजवळ आहे. ज्या वस्तूवरून नाव पडलं ती वस्तू गेली, ज्यांनी नाव दिलं ते गेले, नाव मात्र राहिलं. १९८७ मध्ये जागतिक वारसा यादीत नोंद झाली तीही 'एलिफंटा' अशीच. बेटावर शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशा तीन वस्त्या आहेत. आगरी-कोळी माणसं पिढ्यान् पिढ्या तिथं राहतात. ग्रामपंचायत घारापुरीची, तालुका उरण, जिल्हा रायगड. समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज पोचायला २०१८ साल उजाडलं. तोवर समोर मुंबईचे दिवे रात्रभर दिसायचे आणि इकडं जनरेटर काही तास चालायचा. येणाऱ्या पाहुण्यांना लेणी माहीत, त्रिमूर्ती माहीत. गाव माहीत नाही. आणि नावातच गाव नसेल तर ते माहीत होणार कुठून?

इथं माझ्या मुद्द्याचा गाभा आहे. पोर्तुगीज माणसाला 'घारापुरी' म्हणणं अवघड गेलं असेल, जाऊ द्या. पण मराठी माणसाला? घ, र, प. आपल्या जिभेला यातलं एकही अक्षर परकं नाही. आपण 'एलिफंटा' म्हणतो ते जीभ अडते म्हणून नव्हे. तिकिटावर तसं लिहिलंय, फलकावर तसं लिहिलंय, सहलीच्या सूचनेत तसं लिहिलंय म्हणून. म्हणजे चूक जिभेची नाही. लेखणीनं जिभेला वळण लावलं.

बेटांच्या बाबतीत हे जास्त घडतं, असं मला वाचताना जाणवलं. बेट म्हणजे चारी बाजूंनी पाणी; आतल्यांचा आवाज किनाऱ्यापर्यंत पोचत नाही आणि बाहेरून येणाऱ्याच्या हातात नकाशा असतो. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी नावाचा द्वीपसमूह आहे. बाहेरचे लोक त्याला अनेकवचनी करून 'ऑर्कनीज' म्हणतात, आणि तिथल्यांना ते खुपतं. आम्ही ऑर्कनीचे, असं ते सांगत राहतात. एका 'ज'चा फरक. दुरून वाटेल, एवढ्याशा गोष्टीचं काय! सोलापूरकराला तसं वाटायचं कारण नाही, आमचाही एका अक्षराचाच फरक आहे.

जवळचं बघू. लक्षद्वीपला हे नाव १९७३ मध्ये मिळालं. त्याआधी कागदोपत्री इंग्रजी वळणाची तीन नावं जोडून काम चालायचं. त्यातल्या दक्षिणेकडच्या बेटाला आपण नकाशात मिनिकॉय म्हणतो. तिथली माणसं त्याला मलिकू म्हणतात. त्यांची भाषाही बाकीच्या लक्षद्वीपसारखी मल्याळमच्या कुळातली नाही, मालदीवच्या भाषेची बहीण आहे. हे मला वयाच्या पंचेचाळिशीत कळलं. भूगोलाच्या पेपरात मी 'मिनिकॉय' लिहून गुण मिळवले होते.

आणि अंदमान. तिथल्या ज्या आदिवासींना आपण 'जारवा' म्हणतो, ते नाव त्यांचं नाहीच. शेजारच्या दुसऱ्या जमातीच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ 'परके' असा होतो. इंग्रजांनी वाटाड्यांना विचारलं असेल, ते कोण? उत्तर मिळालं, परके. आणि तेच उत्तर सरकारी यादीत जमातीचं नाव म्हणून बसलं. ते स्वतःला 'आंग' म्हणवतात. आपल्याच भूमीवर, आपल्याच जंगलात राहणाऱ्या माणसांना सगळ्या देशानं 'परके' या नावानं ओळखावं, याहून मोठी लेखणीची चूक मला माहीत नाही. उत्तर सेंटिनेल बेटावरचे लोक स्वतःला काय म्हणतात ते तर बाहेरच्या कुणालाच ठाऊक नाही. 'सेंटिनेली' हे बेटाच्या इंग्रजी नावावरून पाडलेलं.

इथं कुणी म्हणेल, मग नावं बदलून टाका. २०१८ च्या डिसेंबरात अंदमानातल्या तीन बेटांची इंग्रजी नावं बदलली : हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप, रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. सुभाषबाबूंबद्दलचा आदर माझ्याही मनात आहे. पण नाव बदलणं आणि नाव नीट घेणं ही दोन वेगळी कामं आहेत. इंग्रजी नाव मुख्य भूमीवरून आलं होतं, नवं नावही मुख्य भूमीवरूनच गेलं. तिथं सर्वांत आधी राहणाऱ्यांच्या भाषेत त्या जागांना काय म्हणत, हा प्रश्न दोन्ही वेळा बाजूला राहिला. नाव बदलायला अधिसूचना पुरते. नाव नीट घ्यायचं तर आधी तिथल्या माणसाला विचारावं लागतं, आणि तो सांगेल ते ऐकावं लागतं.

आता जिभेबद्दल. तिला माफी का, तर आमच्या गावाचा एक मुलगा चीनमध्ये गेला होता म्हणून. डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापुरात १९१० मध्ये जन्मले, १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, आणि युद्धातल्या जखमींवर शस्त्रक्रिया करता करता ९ डिसेंबर १९४२ ला तिथंच वारले. वय बत्तीस. चिनी लोक त्यांना 'कोटणीस' म्हणत नाहीत. म्हणता येणं शक्यच नाही, त्यांच्या लिपीत आणि उच्चारात ते नाव मावत नाही. त्यांनी नाव दिलं 'के दिहुआ'. शेवटचं अक्षर 'हुआ' म्हणजे चीन. आपल्या देशाचंच नाव त्यांनी या माणसाच्या नावात घातलं. शिच्याच्वांगच्या हुतात्मा स्मारकात त्यांचा पुतळा आहे, तिथं लोक अजून फुलं वाहतात. कोणता सोलापूरकर म्हणेल की चिनी लोकांनी आमच्या कोटणीसांचं नाव बिघडवलं? ते त्यांच्या उपचारांनी जगलेली, त्यांच्यासाठी रडलेली माणसं होती. सहवासातून बदललेलं नाव टोचत नाही.

आपल्या भाषेतही असं पुष्कळ आहे. मराठी माणसानं हॉलंडच्या लोकांना वलंदेज म्हटलं, इंग्लंडला विलायत म्हटलं. पंढरीच्या विठ्ठलाला संतांनी कानडा म्हटलं ते जीव ओतून म्हटलं. हिंदी माणसाच्या तोंडात ळ बसत नाही, म्हणून टिळकांचे तिलक होतात आणि करमाळ्याचा करमाला होतो. मला त्याचं काही वाटत नाही. तेलुगू आणि कन्नडमध्ये ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ आहेत, मराठीत ते वेगळे लिहायला अक्षरच नाही, त्यामुळं आपण कितीही जपलं तरी शेजाऱ्यांची नावं आपल्या लिपीत थोडी लांबतातच. आमच्या दक्षिण सोलापूर तालुक्यात हत्तरसंग कुडल आहे, भीमा आणि सीना जिथं मिळतात तिथं. शके ९४० चा, आद्य मराठी शिलालेखांत गणला जाणारा लेख तिथल्या देवळात आहे. आणि 'कूडल' हा शब्द कन्नड, अर्थ संगम. मराठीच्या जुन्या अक्षरांना कन्नड नावाच्या गावानं ओसरी दिली. अशा ठिकाणी उच्चाराच्या शुद्धतेचा सोटा घेऊन बसणारा माणूस मूर्ख ठरेल.

पण लेखणी वेगळी. बोललेलं वाऱ्यावर जातं, लिहिलेलं दप्तरात राहतं आणि पुढच्या माणसाला तेच खरं वाटतं. हे मी छापखान्यात रोज बघतो.

आमच्याकडं येणाऱ्या निम्म्या पत्रिका पूर्व भागातल्या असतात. पूर्व भाग म्हणजे सोलापूरचा विणकरांचा भाग. तेलंगणातून पिढ्यांपूर्वी आलेली पद्मशाली कुटुंबं. आधी हातमाग आणि गिरण्या, मग यंत्रमाग. पुरुष मागावर, बायका सुपात तंबाखू घेऊन विड्या वळायला. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा सगळा भाग रस्त्यावर असतो. ज्या चादरीनं आम्ही जगाला ओळख सांगतो, जिला भौगोलिक मानांकन मिळालं, ती याच हातांची. आणि या माणसांना आम्ही, गावातलेच मराठी लोक, काय म्हणतो? 'तेलंगी'. किंवा सरसकट 'साळी', 'कोष्टी'. साळी वेगळे, कोष्टी वेगळे, पद्मशाली वेगळे. तिघेही विणतात म्हणून एक होत नाहीत. भाषेचं नाव तेलुगू, आणि मी स्वतः कित्येक वर्षं पावतीपुस्तकांवर 'तेलगू' छापलं. कुणी हटकलं नाही. गिऱ्हाइकाला वाटलं असणार, छापखानेवाल्याला जास्त कळतं. मी शोलापूरवर चिडत होतो तेव्हा माझ्याच यंत्रातून हे बाहेर पडत होतं.

त्यांच्या नावांचं काय होतं ते सविस्तर सांगायला हवं, कारण बाहेरच्याला ते दिसत नाही. मल्लय्या, राजय्या, लिंगय्या, नरसय्या. यातला 'अय्या' आदराचा आहे, जसा आपला 'राव' किंवा 'पंत'. मूल जन्मलं की त्याच्या नावातच आईबापांनी मान ठेवलेला असतो. मराठी कारकून घाईत एक 'य' गाळतो आणि 'राजय्या'चा 'राज्या' होतो. आता मराठीत नावाला 'या' लावला की माणूस लहान होतो : गण्या, सद्या, राम्या. शेजारच्या भाषेतला मान आपल्या भाषेत येताना तुच्छता होऊन उतरतो, एका अक्षराच्या चुकीनं. बायकांचंही तेच. राजव्वा, नरसव्वा, लक्ष्मव्वा. 'अव्वा' म्हणजे आईपण. कागदावर ती 'राजाबाई' होते. वाईट नाव नाही, पण तिचं नाही. आणि आडनाव. त्यांच्यात त्याला 'इंटि पेरु' म्हणतात, घराचं नाव, आणि ते नावाच्या आधी येतं. अर्जातले रकाने वेगळ्या क्रमाचे, मग घराचं नाव माणसाचं होतं आणि माणसाचं नाव बापाचं.

एकदा एक म्हातारे विणकर दुकानात आले. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद. एका कागदावर राजय्या, दुसऱ्यावर राज्या, तिसऱ्यावर राजया. त्यांचे भविष्यनिर्वाह निधीचे पैसे नाव जुळत नाही म्हणून अडले होते. ते मला म्हणाले, "मालक, एका चांगल्या कागदावर माझं नाव बरोबर छापून द्या. छापलेलं असलं की मानतात." मला काय उत्तर द्यावं सुचेना. माझ्या छपाईला तिथं किंमत नव्हती. त्यांना प्रतिज्ञापत्र करावं लागलं, राजपत्रात नोटीस द्यावी लागली, कितीतरी खेपा घालाव्या लागल्या, आणि प्रत्येक खेपेला एक रोज बुडाला. नाव बिघडवलं कुणी तर खुर्चीवर बसलेल्या कुणीतरी, केव्हातरी, अर्ध्या मिनिटात. दुरुस्तीचा खर्च मात्र ज्याचं नाव बिघडलं त्याच्या माथी. घारापुरीच्या त्या बाई आणि हे आजोबा माझ्या मनात तेव्हापासून शेजारी शेजारी बसलेत.

मला माहीत आहे, पुष्कळांना हे सगळं रिकाम्या माणसाचं दुखणं वाटेल. ज्या गावात नळाला कित्येक दिवसांनी पाणी येतं, गिरण्यांचे भोंगे केव्हाच बंद झाले, शिकलेली पोरं पुण्याची गाडी धरतात, तिथं स आणि श घेऊन काय बसलात? हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. पाणी आधी, यात वाद नाही. पण माझा अनुभव असा, की ज्या टेबलावर आपलं नाव चुकीचं लिहिलं जातं त्याच टेबलावर आपला पाण्याचा अर्जही असतो. सोलापूर आणि कोल्हापूर ज्याच्या डोक्यात एकच आहेत, त्याला पंचगंगेच्या काठचं भरघोस पाणी आणि आमचं पर्जन्यछायेतलं कोरडं माळरान यातला फरक कुठून कळणार? ज्याला एलिफंटा ठाऊक आहे आणि घारापुरी नाही, त्याला तिथल्या घरांत दिवा नव्हता हे कसं कळलं असतं? नाव नीट माहीत असल्यानं प्रश्न सुटतो असं नाही. नाव माहीत नसलं की प्रश्न आहे हेच दिसत नाही.

म्हणून माझं मागणं लहान आहे आणि ते लेखणी हातात असलेल्यांकडं आहे. सरकारी अर्जावर नाव लिहिताना माणसाला ते त्याच्या भाषेत, त्याच्या लिपीतही लिहिण्याची एक ओळ द्या. पुढं वाद झाला तर ती ओळ साक्षीला राहील. नोंद करणाऱ्यानं लिहिलेलं नाव समोरच्याला मोठ्यानं वाचून दाखवावं आणि मगच पुढचा रकाना घ्यावा. चूक नोंद करणाऱ्याची असेल तर दुरुस्ती फुकट आणि त्याच टेबलावर व्हावी, प्रतिज्ञापत्राशिवाय. गेटवेच्या फलकावर आणि बोटीच्या तिकिटावर घारापुरी आधी आणि मोठ्या अक्षरात यावं, एलिफंटा हवं तर खाली. मराठी पाठ्यपुस्तकात तर एलिफंटाची गरजच नाही. नकाशात मिनिकॉयखाली मलिकू छापायला अर्धी ओळ लागते. आणि हिंदीत बातम्या लिहिणाऱ्यांना विनंती, तुमच्या भाषेत दंत्य 'स' भरपूर आहे, तो आमच्यासाठीही वापरा.

सोलापूरकरांकडंही मागणं आहे. सिद्धरामेश्वरांच्या आपल्या गड्डा यात्रेला कुणी बाहेरचा 'खड्डा यात्रा' म्हणाला की आपण लगेच दुरुस्त करतो, नंदीध्वजांच्या काठ्यांना साध्या बांबूच्या काठ्या म्हटलं तर आपल्याला लागतं. मग कौंतम चौकाच्या पलीकडं, पूर्व भागात राहणाऱ्या माणसाला 'तेलंगी' म्हणताना आपली जीभ का अडत नाही? आपल्याला तर पोर्तुगिजांची सबबही नाही. तीन-चार पिढ्या एका गिरणीच्या भोंग्यावर उठलो आपण.

वडिलांनी छापखान्यात एक रीत घातली होती. पत्रिकेचं प्रूफ निघालं की घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसासमोर सगळी नावं मोठ्यानं वाचायची. वाचता येत नसलं तरी त्यांना ऐकता येतं, आणि नाव चुकलं की त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. संगणक आल्यावर ती रीत सुटली. आता प्रूफ मोबाइलवर जातं, नातू अंगठा दाखवतो आणि छपाई होते. मागच्या वर्षी मी ती परत सुरू केली. वेळ जातो, गिऱ्हाइकं कुरकुरतात.

आत्ताही टेबलावर एक पत्रिका आहे, पूर्व भागातली. मुलीच्या आजीचं नाव चिठ्ठीवर 'नरसाबाई' असं आलंय. मुलीच्या वडिलांना फोन करून विचारलं, घरात त्यांना काय म्हणतात? म्हणाले, नरसव्वा, पण सगळ्या कागदांवर नरसाबाईच आहे, तेच टाका. मी म्हटलं, हा कागद सरकारी नाही, लग्नाचा आहे, आजींना विचारून बघा. पलीकडं थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग मागून एका बाईंचा तेलुगूतला आवाज आला, आणि ते म्हणाले, आई उद्या दुपारी स्वतः येते म्हणतीय. तोवर मशीन थांबवून ठेवलंय.